कॉलेजांची यादी घरात बसून करू या

बीडजवळच्या पालीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. गटाच्या बैठकीत आपण हप्ते, कर्ज, शेळ्या, शिलाई असं सगळं बोलतो. आज मात्र एका यादीबद्दल बोलायचं आहे. लेकीने प्रवेशासाठी कॉलेजांची जी यादी भरायची असते, ती यादी.

तुम्ही म्हणाल, त्यातलं आपल्याला काय कळतंय? फॉर्म तर पोरगी भरते, नाहीतर बीडच्या नेट कॅफेत कुणीतरी भरून देतं. पण तायांनो, ही यादी करायला इंग्रजी फार लागत नाही. घरचा हिशोब लागतो, आणि तो आपल्याइतका पक्का कुणाचा असतो?

हा विषय का काढला, ते आधी सांगतो. दोन घरं आम्ही जवळून पाहिली. एका घरात पोरीचा नंबर पुण्याला लागला. कॉलेज चांगलं होतं. पण घर म्हणालं, एवढ्या लांब एकटी पोरगी नको. तिने जागा सोडली. पुढच्या फेरीत हाती काही लागलं नाही, वर्ष घरात गेलं आणि दिवाळीनंतर स्थळं यायला लागली. दुसऱ्या घरात उलटं झालं. नंबर लागतो की नाही या धास्तीने पोरीने सगळ्यात सोपं कॉलेज पहिल्या नंबरवर टाकलं. तेच मिळालं. नंतर कळलं की तिच्या मार्कांवर शासकीय कॉलेज मिळालं असतं. दोन्ही पोरी हुशार होत्या, दोघींची कागदपत्रंही होती. यादी तेवढी जुळवून केलेली नव्हती. आणि आपल्याकडे पोरीचं एक वर्ष घरी जाणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

नंबर लावतात तरी कसा?

इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. त्याला कॅप म्हणतात, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तिथे दहापर्यंत कॉलेजं पसंतीने लिहिता येतात.

आता संगणक काय करतो ते बघा. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलीला जणू हाक मारतो. तुझी पहिली पसंती कोणती? तिथे जागा आहे का? असेल तर दिली. नसेल तर दुसरी पसंती बघू, मग तिसरी. तिचं झालं की पुढच्या मुलीला हाक. आपल्या लेकीची पाळी आली की तिच्या यादीत वरून खाली जायचं आणि जिथे पहिली जागा सापडेल तिथे थांबायचं.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, वर मोठं कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातली संधी कमी होत नाही. तिथे जागा नसेल तर संगणक मुकाट्याने खाली उतरतो. दुसरी, सोपं कॉलेज वर लिहिलं तर संगणक तिथेच थांबतो, खालची चांगली कॉलेजं तो बघतच नाही. म्हणून क्रम नंबर लागण्याच्या शक्यतेने लावायचा नाही, आवडीने लावायचा. सगळ्यात हवं ते वर, त्याच्या खाली त्याहून थोडं कमी हवं ते.

पण इथे एक मेख आहे. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात असा नियम होता की पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यायचंच. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळालं तर घ्यायचंच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी मिळालं तरीही तेच. अकरावीतही पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि नाकारलं, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर व्हावं लागत होतं. नियम दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचायचीच. पण धडा एकच. जिथे पोरीला पाठवणारच नाही, ते नाव यादीत नको, आणि वरच्या सहांत तर नकोच नको.

तीन टोपल्या

आता यादी कशी भरायची? आम्ही गटात तीन टोपल्या करतो. आशेची, जुळणारी आणि खात्रीची.

समजा लेकीला सीईटीला ८२ पर्सेंटाइल आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत बरं का. ८२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातली साधारण ८२ मुलं तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत. आता मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडायच्या. त्या सीईटी कक्षाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ज्या कॉलेजात शेवटचा नंबर ९० वर थांबला होता ते आशेच्या टोपलीत. जिथे ८५ ते ७९ च्या आसपास थांबला ते जुळणाऱ्या टोपलीत. जिथे ६५-७० वर थांबला ते खात्रीच्या टोपलीत. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या लेकीचे आकडे तुम्ही घालायचे.

आशेची थोडी, जुळणारी सगळ्यात जास्त, आणि खात्रीची किमान तीन-चार. एकाच खात्रीवर बसायचं नाही, कारण कटऑफ दर वर्षी हलतो.

टोपलीत टाकताना नुसतं कॉलेज बघू नका, शाखाही बघा. एकाच कॉलेजात कॉम्प्युटरचा कटऑफ फार वर असतो आणि सिव्हिलचा खाली. म्हणून वहीत एका ओळीत कॉलेज आणि शाखा दोन्ही लिहायचं. पोरीला आधी विचारा, तुला शाखा महत्त्वाची की कॉलेज? तिच्या उत्तरावर सगळा क्रम बदलतो.

कटऑफची यादी कशी वाचायची?

यादीत बारीक अक्षरांचे रकाने असतात. घाबरायचं नाही. इंजिनिअरिंगच्या यादीत रकान्याचं नाव एल या इंग्रजी अक्षराने सुरू झालं, तर त्या मुलींसाठी राखीव जागा. जी ने सुरू झालं तर सर्वांसाठीच्या. मुलीला दोन्हीकडे संधी असते, म्हणून दोन्ही रकाने बघा. मध्ये प्रवर्ग लिहिलेला असतो. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांच्या जागा. ओ असेल तर बाहेरच्या क्षेत्रातल्या मुलांच्या. एस म्हणजे सगळ्या राज्याच्या.

हे एच आणि ओ आपल्यासाठी फार कामाचं आहे. इंजिनिअरिंगच्या बहुतेक कॉलेजांत ७० टक्के जागा आपल्या विद्यापीठ क्षेत्राला आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. आपलं बीड डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव, हे चार जिल्हे. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली हे १९९४ साली नांदेडला झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे गेले. म्हणजे अंबाजोगाईच्या मुलीला लातूर हाकेच्या अंतरावर वाटलं तरी कागदावर ते बाहेरचं क्षेत्र आहे.

अजून एक. हे क्षेत्र गावावरून ठरत नाही, बारावी कुठल्या कॉलेजातून केली त्यावरून ठरतं. आपल्या कितीतरी मुली अकरावी-बारावीला लातूरला जातात. त्यांचं क्षेत्र नांदेडचं धरलं जातं. त्यांनी कटऑफ तसाच बघायचा. डॉक्टरकीच्या प्रवेशात मात्र ही ७०:३० ची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. तिथे आता सगळ्या राज्याची एकच यादी लागते. तेव्हा नीट देणाऱ्या मुलींनी जुने, २०२० च्या आधीचे कटऑफ बघून आशा बांधायची नाही.

यादी कागदांवर उभी असते

लेकीने प्रवर्गाचा कटऑफ बघून यादी केली, आणि जात वैधता वेळेत आली नाही, तर काय होतं? तिला खुल्या प्रवर्गात धरतात. मग जुळणारी टोपली आशेची होते आणि खात्रीची जुळणारी. सगळी यादी एका दिवसात वर सरकते आणि पोरगी खाली राहते.

म्हणून कागद अकरावीतच काढायला घ्या. रहिवासी व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल त्यांना नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती संपलेली नाही ना ते बघा. आधार, दाखले आणि मार्कमेमो यांवरचं नाव एकसारखं आहे ना, तेही बघा. ज्या वैधतेच्या कागदाला वेळ लागतोय त्याची निदान अर्जाची पावती तरी हातात हवी. आणि कागद येईल की नाही याची धाकधूक असेल, तर खात्रीच्या टोपलीत खुल्या प्रवर्गाच्या कटऑफनेही बसणारी दोन कॉलेजं टाकून ठेवा.

पैशाचं गणित

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आपल्या मुलींना मोठा आधार दिला आहे. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त यांच्या शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. हे सगळे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात.

पण तायांनो, ही माफी कॅपमधून, म्हणजे या यादीतून जागा मिळाली तरच. कुणी दारात येऊन म्हणालं, यादीची भानगड कशाला, आमच्या कॉलेजात सीट बुक करून देतो, आत्ता एवढे भरा, तर त्याला पाणी द्या आणि वाटेला लावा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही माफी मिळत नाही. आज फी कमी सांगितली तरी पुढची वर्षं आपल्याच अंगावर येतात.

माफीत काय येत नाही, तेही लिहा. वसतिगृह, मेस, पुस्तकं, जाणं-येणं आणि कॉलेजचे इतर आकार. म्हणून वहीत प्रत्येक कॉलेजापुढे दोन आकडे हवेत, पहिल्या महिन्यात लागणारे पैसे आणि दर महिन्याला लागणारे पैसे. शासकीय वसतिगृह मिळतं का, अनुसूचित जातीच्या मुलींना स्वाधार योजना लागू होते का, अल्पभूधारक आणि नोंदणी केलेल्या मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो मिळेल का, हे कॉलेजात आणि समाजकल्याणच्या कार्यालयात फोन करून विचारा. योजनेचे पैसे खात्यात यायला वेळ लागतो. तोवरचे तीन-चार महिने कसे काढायचे, ते गटाच्या अंतर्गत कर्जातून बसवता येतं. पण त्याची मागणी जूनमध्येच नोंदवा. नंबर लागल्यावर दोन दिवसांत गट पैसे उभे करू शकत नाही.

जवळचं ते खात्रीचं, असं नाही

आपल्याकडे एक समजूत आहे की बीडचं कॉलेज म्हणजे बिनघोर. पालीहून बीड दहा-बारा किलोमीटर. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, आणि विद्यार्थ्यांच्या मासिक पासात त्याहून जास्त सवलत असते. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट आहे. हे सगळं खरं. पण ज्या घरची माणसं ऊसतोडीला जातात, त्यांनी वेगळा विचार करायचा. दसरा-दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं ते पाडव्याच्या आसपासच निघतं. मग ती पोरगी बीडच्या कॉलेजात कुणाच्या घरातून जाणार? आजी आहे का? आजीचं वय काय? एकटी पोरगी घरात ठेवायची नाही म्हणून तिला कोयत्यावर सोबत नेलं, की कॉलेज तिथेच संपतं.

अशा घरासाठी शंभर किलोमीटरवरचं, पण वसतिगृह असलेलं कॉलेज हेच खात्रीचं कॉलेज आहे. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की अंबाजोगाईचं शासकीय तंत्रनिकेतन, पहिला प्रश्न विचारा, मुलींचं वसतिगृह आहे का, आणि पहिल्या वर्षाला त्यात जागा कशी देतात? आणि जिथे घरात माणूस कायम आहे, तिथे बीडचं कॉलेज खुशाल वर लिहा. खात्री घराघराची वेगळी असते.

घराचा होकार आधी

आता सगळ्यात महत्त्वाचं. यादी लॉक करण्याआधी घरात बसून एकेक नाव मोठ्याने वाचा. मालक, सासूबाई, मोठा दीर, ज्यांच्या शब्दावर पुढे अडणार आहे, ते सगळे समोर हवेत. प्रत्येक नावाला विचारायचं, इथे नंबर लागला तर पोरीला पाठवायचं का? हो की नाही. बघू, म्हणायचं नाही. बघू म्हणालं की ते नाव बाजूला.

नाही म्हटलं तर का ते विचारा. लांब आहे म्हणून? मग वसतिगृहाचा फोन नंबर काढा, आपल्या भागातली तिथे शिकणारी मुलगी शोधा, तिच्याशी बोलणं करून द्या. पैसे म्हणून? मग वहीतले दोन आकडे दाखवा. लोक काय म्हणतील म्हणून? तर गटातल्या दोघी-तिघी त्यांच्या घरी जाऊन बसा. आम्ही गेलोय. चहा होतो, बोलणं होतं, आणि चारातली दोन नावं तरी यादीत परत येतात. हे जूनमध्ये जमतं. नंबर लागल्यावर प्रवेशाला तीन-चार दिवसांची मुदत असते, तेव्हा कुणाचं मन वळवायला वेळ नसतो.

आणि लेकीलाही विचारा. खात्रीच्या टोपलीतलं शेवटचं नाव, ते मिळालं तर तू मनापासून जाशील का? ती मान खाली घालून हो म्हणाली तर ती खात्री नव्हे. तिच्या जागी दुसरं नाव शोधा.

यादीच्या बाहेरची वाट

सगळी अंडी एका खुराड्यात ठेवायची नाहीत. कॅपच्या यादीसोबत एक बाहेरची वाट मोकळी ठेवा. बीडच्या बलभीम किंवा के. एस. के. अशा महाविद्यालयांत बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.चे प्रवेश कधी सुरू होतात, मुदत कधी संपते, ते लिहून ठेवा. बी.सी.ए., बी.बी.ए.ला मात्र २०२४ पासून सीईटी आहे, नर्सिंगलाही वेगळी सीईटी आहे. त्यांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या बरेच आधी भरायचे असतात. निकालानंतर जाग आली तर दार बंद झालेलं असतं.

दहावीच्या लेकींसाठी तंत्रनिकेतनाची वाट आहे. दहावीच्या मार्कांवर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बीडला आणि अंबाजोगाईला शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्या घराला पुढच्या चार-पाच वर्षांचा भरवसा देता येत नाही, तिथे तीन वर्षांत हाती काहीतरी येणारी ही वाट खात्रीच्या टोपलीत जरूर ठेवा.

आता करायचं काय?

या महिन्याच्या बैठकीत हप्ते झाले की अर्धा तास ठेवा. ज्यांच्या घरी दहावी-बारावीची लेक आहे त्यांनी तिला सोबत आणा, एक वही आणा. पानावर सहा रकाने पाडा. कॉलेज आणि शाखा, मागच्या वर्षीचा कटऑफ, टोपली, पैसे, राहायची सोय, घराचा होकार. सहाही रकाने भरले की ते नाव यादीत जाईल. एक रिकामा असेल तर तो भरेपर्यंत थांबायचं.

मग लेकीने स्वतः फॉर्म भरायचा. कॅफेत गेलात तरी क्रम वहीवरूनच सांगायचा, आणि लॉक करण्याआधी पडद्यावरचा क्रम वहीशी पडताळायचा. पासवर्ड आणि ओटीपी आपल्याच फोनवर, आपल्याच माणसाकडे ठेवायचा. लॉक झाल्यावर छापील प्रत काढून घ्यायची. प्रत्येक फेरीच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायच्या. जागा मिळाली आणि ती मुदतीत स्वीकारली नाही, तर तीही हातची जाते. त्याहून वरची हवी असेल तर ती धरून ठेवून बेटरमेंट निवडता येतं, पण तेही मुदतीतच.

मार्क लेकीने मिळवले आहेत, ते आता बदलणार नाहीत. यादी मात्र अजून आपल्या हातात आहे. ती नीट केली तर नंबर लागेल त्या दिवशी घरात भांडण होणार नाही, पिशवी भरायची तयारी होईल. वही घेऊन बैठकीला या. काही अडलं तर गटातल्या शिकलेल्या मुलींना बोलवा, एकीने दुसरीला वाचून दाखवा.